आमची वाटचाल: एका टाकीपासून दोन टाक्यांपर्यंत

घरगुती वर्कशॉपसाठी पार्ट धुण्याच्या छोट्या टाक्या आम्ही बनवतो. टाकी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न मात्र टाकीबद्दल नसतोच: "यात ओतायचं काय?" या प्रश्नाच्या उत्तरानुसारच आमची टाकी बदलत गेली.

पेट्रोलला पहिल्यापासून नकार. ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा तो उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्यात ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाऊन पलीकडच्या कंप्रेसरच्या स्विचपाशीही भडकते. दार-खिडक्या उघड्या ठेवल्या म्हणून हा धोका टळत नाही.

सुरुवातीच्या टाक्या रॉकेलच्या हिशोबाने केल्या होत्या. रॉकेल ग्रीस छान सोडवतं, पण त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण चाळिशीच्या घरात, आणि पत्र्याखालच्या शेडमध्ये उन्हाळ्यात पारा तिथवर जातो. शिवाय पार्टवर तेलकट थर राहतो. गिअरला तो चालतो, पण रंग किंवा सीलंट लावायचा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय काही धरत नाही. साध्या मिनरल टर्पेंटाइनचा थर कमी राहतो, पण आगीच्या बाबतीत ते रॉकेलच्याच पंक्तीतलं.

मग आम्ही कमी वासाच्या, ६० अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेल्या खनिज द्रावकाकडे वळलो. सुकायला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक त्यावर कुरकुर करतं. पण सावकाश सुकणं म्हणजेच कमी वाफ, हे एकदा पटलं की तक्रार थांबते. याच काळात टाकीत तळापासून ८-१० सेंटिमीटर वर जाळीचा ट्रे आला. गाळ त्याखाली बसतो आणि पंपाचं तोंड ट्रेच्या वर राहतं. हे केलं नाही तर धातूचा कीस फिरून पुन्हा पार्टवर येतो. झाकणाच्या टेकूत वितळणारी कडी घातली. आग लागली तर ती वितळून झाकण आपोआप पडतं.

पार्टमधली ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी गोल रबरी कडी, कशाची आहे, हे ओतण्याआधी बघा. नायट्राइल रबर अशा खनिज द्रावकात टिकतं, ईपीडीएम हे दुसऱ्या जातीचं रबर फुगतं. ब्रेकच्या सिलिंडरमधले रबरी कप बहुधा ईपीडीएमचे असतात, म्हणून ब्रेकचे पार्ट या टाकीत टाकायचेच नाहीत. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेल्या पार्टवर वेल्डिंगही नको, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

दुसरी टाकी पाण्याची. त्यात अल्कलीयुक्त डिटर्जंट ३ ते ५ टक्के, तापमान ५० ते ६० अंश. हीटर फक्त याच टाकीत, द्रावकाच्या टाकीत कधीही नाही. जळकट, चिकट ग्रीस गरम पाण्यात लवकर सुटतं, थंड पाण्यात मात्र निराशाच. कॉस्टिक सोडा असलेली पावडर टाळा: कार्बोरेटरसारखे ॲल्युमिनियमचे पार्ट काळे पडतात, खरवडले जातात आणि हायड्रोजन वायू सुटतो. ॲल्युमिनियमला चालतो असं लेबलवर स्पष्ट लिहिलेलाच डिटर्जंट घ्या. लोखंडी पार्ट पाण्यातून काढला की काही मिनिटांत तांबूस गंज धरतो, म्हणून लगेच हवा मारून पातळ तेल लावायचं.

द्रावक काळं झालं म्हणून फेकू नका. रात्रभर न हलवता ठेवा, वरचं नितळ द्रावक कागदी गाळणीतून काढून पुन्हा वापरा. खालचा गाळ झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. मोरीत किंवा मातीत नाही.

हातमोजे नायट्राइलचे. आणि बेअरिंग धुतल्यावर हवेच्या झोताने ते गरगर फिरवण्याचा मोह आवरा. आत वंगण नसतं, वेग भलताच चढतो, गोळ्या निसटून अंगावर येऊ शकतात. आतली आणि बाहेरची अशा दोन्ही कड्या हाताने धरून ठेवा, मग हवा मारा.