अटक नेमकी कधी झाली?

रविवारी सुटीच्या कोर्टात रिमांडची, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोठडीत ठेवायचं का हे ठरवण्याची, कामं भराभर उरकतात. त्या दिवशी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीची वकील म्हणून माझी ड्यूटी होती. दुपारी दोनला पोलिसांनी विशीतल्या एका पारधी मुलाला हजर केलं. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याचा संशय आणि पाच दिवसांच्या पोलीस कोठडीची मागणी. अटक फॉर्मवर वेळ होती शनिवारी रात्री 11.30. कागद चोख होते.

व्हरांड्यात त्याची आई भेटली. "बाई, काल सकाळीच उचललं त्याला, भाकर खात व्हता." रिमांडला आलेल्या बहुतेकांच्या घरचे असं काहीतरी सांगतात, पण दाखवायला त्यांच्या हातात काही नसतं. हिने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्याच्याबरोबर ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर निघाला. ठाण्यात मुलाला उलट्या सुरू झाल्या म्हणून पोलिसांनीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. तारीख शनिवारची, वेळ सकाळी 10.40, डॉक्टरांच्या अक्षरात 'पोलिसांनी आणले' आणि शेजारी हवालदाराचा बक्कल नंबर. तिला वाचता येत नव्हतं. गोळ्या कधी द्यायच्या ते कुणाकडून तरी वाचून घेता यावं, म्हणून तिने कागद जपला होता.

अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करा, असं संविधानाचा अनुच्छेद 22 सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं कलम 58 ही तेच सांगतं. पण हे तास मोजायचे कधीपासून? माणसाच्या हालचालीवर बंधन आलं की अटक सुरू झाली, पोलीस कागदावर कोणती वेळ टाकतात त्यावर ती ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने अशक हुसेन प्रकरणात 1990 मध्येच सांगून ठेवलंय. इथे 27 तास उलटून गेले होते आणि ठाणं कोर्टापासून हाकेच्या अंतरावर.

"पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" न्यायाधीशांनी नेहमीप्रमाणे विचारलं. हवालदार मुलाच्या खांद्याला खांदा लावून उभा. मुलगा म्हणाला, "नाही." मी पोलिसांना बाहेर थांबवण्याची विनंती केली, ती मान्य झाली. मग तो बोलायला लागला.

तपास अधिकाऱ्यांना आत बोलावून केसपेपर दाखवल्यावर ते म्हणाले, "चौकशीला आणलं होतं, अटक नव्हती."

"मग त्याला घरी जायची मुभा होती का?" कोर्टाने विचारलं. त्यावर उत्तर आलं नाही.

अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत, लेखी, रिमांडच्या किमान दोन तास आधी द्यावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2025 चा मिहीर शहा निकाल आहे. याला दिलेल्या कागदावर फक्त कलमं होती. शिवाय साध्या चोरीला शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. अशा गुन्ह्यात त्याच संहितेच्या कलम 35(3) ची, पोलिसांपुढे हजर राहायला सांगणारी नोटीस देऊन भागतं, अटक करायचीच तर तिची गरज नोंदवावी लागते.

पाणी द्यायच्या ऐन पाळीला केबल गेली की पीक वाळतं. शेतकऱ्याचा संताप खरा आहे, ठाण्यात माणसं कमी आहेत, हेही खरं. पण पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द होऊनही गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्याच पालावर जातात. याची मला मनापासून चीड येते.

कोर्टाने कोठडी नाकारली, अटक बेकायदा ठरवून मुलाला सोडलं आणि ठाण्यातलं शनिवारचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवायचा आदेश दिला. पुढच्या आठवड्यात त्याला रीतसर नोटीस आली. तो माझ्याबरोबर ठाण्यात गेला, जबाब दिला आणि संध्याकाळच्या आत घरी परतला. तपास चालू आहे.