लिंक हिरवी, नेटवर्क गायब

सकाळची तक्रार विचित्र होती. एका रॅकमधल्या तिन्ही ईएसएक्सआय होस्टवर (व्हर्च्युअल मशिन चालवणारे व्हीएमवेअरचे सर्व्हर) साधारण निम्म्या व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशिन, बाहेरून दिसेनात, बाकीच्या मजेत चालू. सगळे होस्ट सांभाळणाऱ्या व्हीसेंटरमध्ये अलार्म नाही. व्हीएमनिक २ आणि ३, म्हणजे व्हीएमचा ट्रॅफिक नेणारी होस्टची दोन नेटवर्क कार्डं, दोन्ही १० जीबीपीएसवर 'अप'. एचए (होस्ट पडला तर त्याच्या व्हीएम दुसरीकडे सुरू करणारी सोय) गप्प, कारण मॅनेजमेंट वेगळ्या कार्डांवर होतं आणि व्हीएमचं नेटवर्क गेलं तर एचए ढुंकूनही बघत नाही.

व्हीमोशनने (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेण्याची सोय) एक व्हीएम हलवली, सुरू झाली. दुसरी हलवली, तशीच मेलेली. यात वेळ गेला.

निम्म्याच मेल्या, तर संशय टीमिंगवर, म्हणजे दोन कार्डांत व्हीएम वाटण्याच्या पद्धतीवर, हवा होता. व्हीस्विचची (होस्टमधला आभासी स्विच) डीफॉल्ट पॉलिसी व्हर्च्युअल पोर्टच्या आयडीवरून प्रत्येक व्हीएमला एकच अपलिंक, म्हणजे बाहेर जाणारं कार्ड, नेमून देते. होस्टवरच्या ईएसएक्सटॉप या निरीक्षण-साधनात 'एन' दाबून टीम-पीनिक रकाना (कोणती व्हीएम कोणत्या कार्डावर) पाहिला: नेटवर्क गेलेल्या सगळ्या व्हीएमनिक २ वर. एकाच होस्टवरच्या, एकाच व्हीलॅनमधल्या (नेटवर्कचा आभासी विभाग) एकमेकींना पिंग करत होत्या, गेटवेला नाही.

व्हीएमनिक २ ची केबल रॅकच्या पहिल्या स्विचला जाते. स्विच जिवंत होता. त्याची कोअरकडची (मुख्य स्विचकडची) एकुलती फायबर शेजारचं पॅचिंग करताना सुटली होती आणि दोन स्विचमध्ये आपसात जोड नव्हता. व्हीस्विचच्या 'लिंक स्टेटस ओन्ली' या बिघाड ओळखण्याच्या सेटिंगला फक्त समोरचं पोर्ट दिसतं, त्यापलीकडचं नाही. म्हणून फेलओव्हर, म्हणजे दुसऱ्या कार्डावर उडी, झालाच नाही. तात्पुरता उपाय म्हणून त्या स्विचची सर्व्हरकडची पोर्टं शटडाउन केली. सगळ्या व्हीएम लगेच व्हीएमनिक ३ वर आल्या.

फायबर लावून पोर्टं उघडली तर त्याच व्हीएम पुन्हा ३० सेकंद गेल्या! लिंक वर येताच फेलबॅकने (कार्ड सुधारलं की त्यावर परतण्याचं सेटिंग) ट्रॅफिक परत ओढला, आणि स्विचचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारा प्रोटोकॉल) तेव्हा लिसनिंग-लर्निंगच्या १५-१५ सेकंदांत अडकलेला. ही थांबण्याची वेळ टाळणारं पोर्टफास्ट लिहिलेलं होतं, पण ट्रंक पोर्टला (अनेक व्हीलॅन नेणारं पोर्ट) नुसतं पोर्टफास्ट लागू होत नाही, 'पोर्टफास्ट ट्रंक' लागतं.

बीकन प्रोबिंगचा (कार्डांनी एकमेकांना चाचणी-फ्रेम पाठवून बिघाड शोधणं) विचार झाला, पण त्याला किमान तीन कार्डं हवीत. दोनच असली तर दोषी कोण ते ठरत नाही आणि फ्रेम दोन्हीकडून पाठवल्या जातात. त्यापेक्षा स्विचवर लिंक स्टेट ट्रॅकिंग बरं: कोअरकडचं पोर्ट अपस्ट्रीम, सर्व्हरकडची डाउनस्ट्रीम. वरचं पडलं की खालची आपोआप पडतात आणि ईएसएक्सआयला खरी लिंक डाउन दिसते. फेलबॅक 'नो' केला. त्याची किंमत अशी की स्विच सुधारल्यावरही सगळा भार एकाच कार्डावर राहतो, तो ठरल्या वेळी हाताने वाटून घ्यावा लागतो.