कोरीव साइडबोर्ड आणि धूळ

इंग्लंडच्या वॉरिकशरमधलं चार्लकोट पार्क, एक जुनी हवेली. आजचा दिवस तिथल्या जेवणघरातल्या एकाच वस्तूपुढे गेला: वॉरिकच्या जेम्स मॉरिस विल्कॉक्सनं घडवलेला ओकच्या लाकडाचा अवाढव्य साइडबोर्ड (जेवणघरातलं भांडी-पदार्थ ठेवायचं बैठं कपाट), १८५८ चा. शिकार, मासे, फळं, सगळं लाकडात. माझ्या मते जरा जास्तच झालंय! पण पटाशीचं काम मात्र अफाट. उठावदार नक्षीच्या मागूनही लाकूड काढलंय, म्हणून सावली पडते. धूळही नेमकी तिथेच बसते.

असल्या नक्षीवर फडकं फिरवायचं नाही. धागा टोकाला अडकतो आणि टवका उडतो. एका हातात मऊ केसांचा ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, नळीच्या तोंडाला जाळी बांधलेली. तुकडा निघालाच तर जाळीवर सापडतो. मेण क्वचित, तेही सपाट भागावर. खाचांत साचलं की पांढरट पडतं. जवसाचं तेल तर नकोच, काळपट चिकट थर धरतो.

खरा शत्रू हीटर. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं प्रमाण, ५० ते ६५ टक्के असली की ओक शांत. हवा कोरडी पडली की फळी रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. मग सांधे ताणतात, फळी तडकते, जुना सरस (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचा गोंद) ठिसूळ होऊन चिकटवलेली नक्षी सुटते. ती परत लावायला सरसच हवा, कारण तो ओलावा-उष्णतेनं पुन्हा सोडवता येतो. फेविकॉल लावलात तर पुढच्याचे हाल.

आणि उन्हाळ्यात पायांशी एक-दोन मिलिमीटरची छिद्रं, खाली ताजा फिकट भुसा दिसला तर समजा, किडा आत जिवंत आहे.