रावणास मारण्यात आले आहे

१९९७ च्या जुलैमध्ये नोकरीला लागून मला आठवडाही झाला नव्हता. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं, टेबलावरचा एक कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तुम्ही मराठीचे ना? मग एवढी नोटीस जरा बघून द्या."

मला वाटलं, एक नोटीस. तेव्हापासून आजपर्यंत आमच्या महाविद्यालयातली बहुतेक प्रत्येक सूचना, परिपत्रक, शोकप्रस्ताव, मानपत्र आणि पाण्याच्या टाकीवरचं 'हात धुऊ नयेत' माझ्या हाताखालून गेलं आहे. ही फक्त माझीच कहाणी आहे असं नाही. तालुक्याच्या कुठल्याही कॉलेजात जा, नोटिशीचं शुद्धलेखन मराठीच्या माणसाच्या गळ्यात असतं. जसा माईक बंद पडला की फिजिक्सवाल्याला हाका मारतात तसं. त्याने सांगून पाहिलं की माझी पीएचडी पातळ थरांमधली आहे, लाउडस्पीकरमधली नाही. पण ऐकतो कोण?

त्या पहिल्या नोटिशीत लिहिलं होतं, 'सर्व प्राध्यापकांना कळविण्यात येते की, दि. २५ रोजी ठीक ११ वाजता सभा आयोजित करण्यात आली आहे. तरी सर्वांनी उपस्थित राहावे.' मी तरुण होतो. 'कळविण्यात येते की'च्या जागी 'मी कळवतो की' असं करून दिलं. प्राचार्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि माझ्याकडे बघत राहिले. 'मी'वर रेघ मारली, तीही लाल शाईची. "असं नसतं हो," एवढंच म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. नोटिशीत मी नसतो, तू नसतो, कोणीच नसतं.

व्याकरणाच्या तासाला मी प्रयोग शिकवतो. त्यात नवीन कर्मणी नावाचा एक प्रकार आहे, इंग्रजीच्या वळणावरून आपल्याकडे आलेला. उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या एकच, 'रावण रामाकडून मारला गेला.' वाक्य थोडं आखडलेलं आहे, पण त्यात निदान 'रामाकडून' आहे. काम कोणी केलं ते कळतं. कार्यालयीन मराठीने त्यातला रामही काढून टाकला. आमच्या कार्यालयाला लंकाकांड कळवायचं झालं तर वाक्य असं होईल, 'रावणास मारण्यात आले आहे. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.' मुलं हसतात. एका वर्षी एका मुलीने विचारलं होतं, "सर, संबंधित म्हणजे बिभीषण ना?" तिला मी त्या सत्रात अंतर्गत गुणांत कधीच कमी दिले नाहीत.

नोटिशीत माणूस सापडतो तो फक्त एका जागी, शेवटच्या ओळीत. 'याबाबत हयगय झाल्यास आपणांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.' वरच्या दहा ओळींत सभा आपोआप आयोजित झालेली असते, निर्णय आपोआप घेण्यात आलेला असतो, वेळापत्रक स्वतःहून बदलण्यात आलेलं असतं, आणि शिक्षेची वेळ आली की एकदम 'व्यक्तिशः'! ही 'हयगय'ही मजेशीर. घरात कोणी हयगय करत नाही. तिथे आळस असतो, विसराळूपणा असतो, टंगळमंगळ असते. हयगय करायला माणूस नोकरीतच असावा लागतो.

'ठीक'चंही असंच. 'ठीक ११ वाजता' म्हणजे साडेअकरा. नुसतं '११ वाजता' असेल तर पावणेबारा.

नोटिशीचा मायना हे तर वेगळंच शास्त्र. 'सर्व प्राध्यापक' लिहून भागत नाही. सर्व विभागप्रमुख, प्राध्यापक, ग्रंथपाल, शारीरिक शिक्षण संचालक, कार्यालयीन अधीक्षक व शिक्षकेतर कर्मचारी, असा उतरता क्रम लागतो. एकदा घाईत माझ्याकडून ग्रंथपाल राहिले. ते सभेला आले नाहीत. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "मला सूचना नव्हती." तेव्हापासून मी आधी 'ग्रंथपाल' लिहितो आणि मग बाकीची नोटीस.

आणि 'शिक्षकेतर' हा शब्द! शिक्षक अधिक इतर. जो शिक्षक नाही तो. फीचे हिशेब करणारा, परीक्षेचे अर्ज तपासणारा, प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणारा, सकाळी साडेसहाला फाटक उघडणारा, या सगळ्यांना आपण मिळून एकच नाव दिलं आणि तेही ते काय नाहीत हे सांगणारं. एका बैठकीत मी गमतीने म्हणालो, मग आम्हाला 'कर्मचारीतर' का म्हणू नये? कोणीही हसलं नाही. हेडक्लार्क मात्र त्या दिवसापासून माझी रजा लवकर मंजुरीला पाठवू लागले.

पूर्वी या नोटिशीला एक वही होती. लांबट, कापडी बांधणीची, लाल पुठ्ठ्याची. डाव्या पानावर नोटीस चिकटवलेली, उजव्या पानावर नावांची यादी आणि नावासमोर सहीची जागा. नोटीस गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर टंकलेली असायची. 'र्‍या' उमटवायला टायपिस्ट बाई चरफडायच्या आणि शक्यतो 'जबाबदाऱ्या' हा शब्दच टाळायच्या. यादी जूनमध्ये छापून घ्यायची, सेवाज्येष्ठतेप्रमाणे. तासिका तत्त्वावरची मंडळी यायची ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे यादी छापून झाल्यावर. मग त्यांची नावं खाली पेन्सिलने. वर्ष संपलं की खोडता येतील अशी. मी बरीच वर्षं त्या वहीत सही केली, पण खालची पेन्सिल मला दिसली ती फार उशिरा, माझ्याच विद्यार्थिनीचं नाव तिथे आलं तेव्हा. एमएला विद्यापीठात पहिल्या पाचांत आलेली. तिचं नाव पाच वर्षं पेन्सिलनेच होतं. पाचही वर्षं तिने 'सर्व प्राध्यापकांनी उपस्थित राहावे'समोर सही केली आणि सभेला आली. सभा तासिकेत धरत नाहीत, त्यामुळे त्या वेळाचे तिला पैसे नव्हते. मायन्यात 'सर्व' हा शब्द मी स्वतःच लिहिला होता.

ही वही घेऊन वर्गावर्गात, प्रयोगशाळेत, जिमखान्यात फिरायचे ते आमचे मामा. शिपाई. कॉलेजात शिपायाला मामा म्हणायचं हे कोणी ठरवलं देव जाणे, पण प्राचार्यांपासून एफवायच्या पोरापर्यंत सगळे मामाच म्हणायचे. मामा दारात दिसले की वर्गाला हायसं वाटायचं. मी शिकवणं थांबवायचो आणि विचारायचो, "मामा, काय आहे?"

मामा वही उघडायच्या आधीच सांगायचे. आणि त्यांच्या सांगण्यात कर्ता असायचा.

"चारला बसायचंय. सायबांना काल पुण्याहून फोन आलाय, तापलेत. चहा हाये, बिस्कीट नाही."

नोटिशीत लिहिलेलं असायचं, 'विद्यापीठाच्या पत्रान्वये तातडीची सभा आयोजित करण्यात आली आहे.' मीच लिहिलेलं. आणि मामांकडून ऐकल्यावर मला कळायचं की मी काय लिहिलं होतं. 'शैक्षणिक शुल्काबाबत दक्षता घ्यावी' याचं मामांचं भाषांतर होतं, "पोरं मागच्या वेळेसारखी पावती हरवून बोंबलत येतील, आत्ताच सांगून ठेवा." शोकसभेची नोटीस आणताना ते चपला दाराबाहेर काढायचे. त्या दिवशी विचारावं लागायचं नाही.

वहीवर सही करताना नोटीस वाचणारा माणूस मी क्वचितच पाहिला. सगळे मामांना विचारायचे आणि सही ठोकायचे. इतिहासवाल्या सरांची सही तर इतकी लांब होती की पुढच्या दोन नावांच्या जागेतही तीच गेलेली असायची. मग ते दोघे रागावून समासात सह्या करायचे.

नॅक आलं आणि नोटिशीची किंमत वाढली. ही मूल्यांकन संस्था १९९४ मध्ये बंगळुरूला स्थापन झाली, पण आमच्यापर्यंत तिचा खरा धाक पोचला तो २०१७ च्या नव्या पद्धतीनंतर, बरंचसं मूल्यांकन ऑनलाइन कागदपत्रांवर आलं तेव्हा. सात निकष, पाच वर्षांचे पुरावे. कार्यक्रम झाला एवढं म्हणून चालत नाही. नोटीस हवी, हजेरी हवी, अहवाल हवा, फोटो हवा आणि फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश हवेत. आता गंमत अशी की वाचन प्रेरणा दिन आम्ही खरोखर साजरा केला होता. १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीनिमित्त सत्तर-ऐंशी मुलं पिंपळाखाली पुस्तकं घेऊन बसली होती. पण नोटीस काढायची राहिली होती, कारण मामांनी तोंडीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. फाइल लावताना लक्षात आलं की नोटीस नाही म्हणजे कार्यक्रम नाही. मग तीन वर्षांनी बसून त्या दिवसाची नोटीस मी लिहिली. 'विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे', झालेल्या कार्यक्रमासाठी. जावक नोंदवहीत मध्ये जागा नव्हती, तेव्हा २१४ च्या खाली बारीक अक्षरात '२१४ अ' घातलं. लिहिताना मला ओशाळल्यासारखं झालं, पण पिंपळाखालची मुलं खरी होती, हे मी स्वतःला दोनदा सांगितलं.

कागदांचाही एक इतिहास आहे. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं तेव्हा आमच्या लेटरहेडचे गठ्ठेच्या गठ्ठे निकामी झाले. ते पाठकोरे म्हणून स्टाफरूममध्ये आले आणि नोटिशींचे कच्चे खर्डे मी त्यांवर लिहू लागलो. ते संपत आले तोवर २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पुन्हा पाठकोरे. निवृत्तीपर्यंत मला कागद कमी पडणार नाही.

लाल वही बंद झाली ती करोनात. मग व्हॉट्सअ‍ॅपचे दोन गट झाले. एकावर फक्त प्राचार्य लिहू शकतात आणि दुसऱ्यावर फक्त प्राचार्य लिहीत नाहीत. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. निळ्या खुणा येतात, कोणी वाचत नाही, तेवढं मात्र पूर्वीसारखंच आहे. मामा व्हरांड्यात दिसले की तेव्हाही कोणीतरी विचारायचंच, "मामा, ते मेसेजमध्ये काय आलंय?"

मागच्या एप्रिलमध्ये प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं. हे पाचवे प्राचार्य. म्हणाले, "मामा ३१ मेला रिटायर होतायत. तेव्हा सुट्टी असेल, म्हणून समारंभ याच महिन्यात उरकू. नोटीस तुम्हीच लिहा."

३१ मे म्हटल्यावर मी हिशेब केला. जन्मतारीख एक जून. आमच्या भागात त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची तीच असते. गुरुजी शाळा उघडली की पोरांना ओळीने बसवायचे आणि सगळ्यांच्या नावापुढे एक जून टाकून मोकळे व्हायचे. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो असा नियम आहे, म्हणून दर ३१ मेला राज्यभर कचेऱ्यांतून नारळ आणि शालींचा खप वाढतो. गुरुजींच्या एका अंदाजाने माणूस शाळेत जातो आणि त्याच अंदाजाने नोकरीतून घरी येतो.

नोटीस लिहायला बसलो. 'आपल्या महाविद्यालयातील शिपाई श्री.' इथे पेन थांबलं. पुढे काय? मामा. मामा काय? स्टाफरूममध्ये विचारलं, कोणालाच माहीत नव्हतं. त्यांचं आडनाव दोघांनी दोन सांगितलं. इतिहासवाले सर असते तर त्यांना नक्की माहीत असतं, पण ते २०१९ मध्येच गेले. शेवटी ऑफिसमध्ये जाऊन सेवापुस्तक काढून पाहिलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही भारदस्त. ते इथे लिहीत नाही, मामांना आवडायचं नाही. पण नोटिशीत मी ते पूर्ण लिहिलं, आणि अठ्ठावीस वर्षांनी 'करण्यात आले आहे' न लिहिता लिहिलं, 'आपण सगळे मिळून त्यांना निरोप देणार आहोत.' प्राचार्यांनी वाचलं. रेघ मारली नाही. नुसतं 'ठीक'च्या जागी स्वतः '४ वाजता, वेळेवर' केलं.

मी म्हटलं, ही एक नोटीस तरी वहीत घालू. ऑफिसच्या कपाटातून लाल वही निघाली, जुन्या पानांवर झुरळांचे डाग. यादी नव्याने लिहून घेतली. सगळी नावं शाईने, खालचीही. प्रश्न उरला, वही फिरवायची कोणी? दुसरा शिपाई नवीन होता, त्याला अजून कोणाचा तास कुठे ते कळत नव्हतं. मामांनीच वही काखेत मारली.

माझा एसवायचा तास चालू होता. दारात मामा. सवयीने विचारून गेलो, "मामा, काय आहे?"

"गुरुवारी चारला बसायचंय. एक माणूस घरी चाललाय." मग थोडं थांबून, "बटाटेवडे हायेत. भाषण तुम्ही करा, पण लांबवू नका, शेवटची एसटी साडेपाचची हाये."

मी सही केली. वही परत देताना यादीच्या शेवटच्या ओळीकडे लक्ष गेलं. तिथे त्यांचं पूर्ण नाव होतं आणि समोरची जागा कोरी होती.

"मामा, तुमची सही राहिली."

"माझी कशाला?" वही बंद करत ते म्हणाले, "मला सांगितलंय की."

आणि शेजारच्या वर्गाच्या दारात जाऊन उभे राहिले.