आधी घंटा ऐका

‘ज्याने त्याने घरच्या भाषेत लिहावं’ अशी मुभा शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकाच्या संपादकांनी दिली, म्हणून घानाची राजधानी आक्रा इथल्या आपल्या शाळेबद्दल हे चार शब्द मराठीत. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही घानात आलो आणि मी नृत्याच्या मॅडमच्या तावडीत सापडले.

मॅडम आक्र्याजवळच्या लेगॉनच्या विद्यापीठात मावेरे ओपोकूंच्या हाताखाली शिकलेल्या. 1962 मध्ये तिथे ‘घाना डान्स एन्सेम्बल’ उभं राहिलं, त्याचे ओपोकू पहिले कलादिग्दर्शक. ठिकठिकाणची नृत्यं जाणत्यांकडून घेऊन त्यांनी रंगमंचावर आणली. मॅडमना त्याचा अभिमान होताच, पण तासन् तास चालणारं नृत्य दहा मिनिटांत बसवताना नेमकं काय गळतं, यावर त्या वर्गातच स्वतःशी भांडत. आम्ही नुसते ऐकत बसायचो.

पहिले कित्येक तास त्यांनी आम्हाला पाऊल उचलूच दिलं नाही. एवे लोकांचं आगबाजा शिकायचं तर आधी गानकोगुई, म्हणजे लोखंडी जोडघंटा, ऐकायची. बारा मात्रांत सात ठोके, तेही असमान अंतरावर. मी तबला थोडा शिकले होते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न, ‘‘सम कुठे?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘घंटेत शोधू नकोस, पायांत ठेव.’’ पायांनी चार सारखे ठोके धरायचे, घंटा वरून आपली तिरकी चालत राहते. गुडघे सैल, कंबरेतून किंचित पुढे झुकलेलं अंग, आणि हात-खांदे पक्ष्यासारखे मागे-पुढे. पाठ ताठ झाली की बोटाने टोचायच्या.

आडोवाच्या बाबतीत त्या फारच कडक. असांते लोकांत ते मुख्यतः अंत्यविधीला नाचतात. दोन्ही हात डोक्यावर गेले की तो शोक. एका मुलीने फोटोसाठी हसत ते केलं, तर सगळा गट खाली बसवला. पाहुण्यांना खूश करायला म्हणून आडोवा स्नेहसंमेलनात घ्यायला त्यांचा ठाम नकार असे. त्याऐवजी क्पानलोगो घ्या, म्हणत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आक्र्यातल्याच ‘गा’ समाजाच्या तरुणांनी घडवलेलं ते नृत्य. तेव्हा वडीलधाऱ्यांनी अश्लील म्हणून नाकं मुरडली होती. ही गोष्ट मॅडम फार चवीने सांगायच्या.

बामाया शिकवताना मात्र मुलांनी दांडी मारायला सुरुवात केली. उत्तरेतल्या दागोंबांच्या या नृत्यात पुरुष बायकांचे घागरे नेसून कंबर घुमवतात. दुष्काळ पडला तेव्हा पुरुष असे नाचले आणि पाऊस आला, अशी कथा आहे. मॅडमनी समजूत घातली नाही. तमालेहून आलेल्या एका थोराड वादकाला घागरा नेसवून वर्गात नाचायला लावलं. पुढच्या आठवड्यात घागरे कमी पडले.

स्वतः नाचल्या त्या क्वचितच. एकदा नाचल्या तेव्हा शाळेच्या स्वयंपाकीणबाई पुढे आल्या आणि त्यांच्या डोक्यावर दोन बोटं धरून उभ्या राहिल्या. इथली ही दाद. लेगॉनच्या पदवीपेक्षा मॅडमना ती मोठी वाटली असावी, असं मला आपलं वाटतं.

हल्ली आपल्या समारंभात ढोल ध्वनिमुद्रित वाजतात असं ऐकते. मॅडमनी मंचच सोडला असता. वादक नाचणाऱ्याकडे बघून ठोका बदलतो, यंत्र कोणाकडे बघणार? सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमाला खरे वादक बोलवा. त्यांच्या मानधनासाठी माझा वाटा मी समितीकडे पाठवत आहे, वर्गमित्रांनीही पाठवावा.