फ्रॉग बेस जुळला, आता अग्निशिखा

मंडळी, ओरिगामीत, म्हणजे कागदाच्या घडीकामात, लिलीचं फूल ज्या पायाच्या घडीवर उभं राहतं तो फ्रॉग बेस. काल रात्री त्याची चारही टोकं एकमेकांवर बसली. एकही बाहेर डोकावत नाही. जूनपासून याचीच वाट पाहत होते.

लिलीच्या पाकळ्या कलतात, हे गेल्या वेळी लिहिलं होतं. दोष पेटल फोल्डचा (कड उचलून पाकळीसारखं लांबट टोक काढायची घडी) समजून मी तेवढीच घडी घोटत बसले, पण गडबड त्याच्याही आधीची, प्रिलिमिनरी बेसची (अगदी सुरुवातीची चौकोनी घडी) निघाली. कोपऱ्याला कोपरा लावला की एक कड केसभर पुढे यायची. चार स्क्वॉश (पदर उघडून चपटा दाबायची घडी) होईपर्यंत घड्या मधल्या रेषेवरून सरकायच्या आणि पाकळी उचलली की टोक तिरकं.

शेवटी पट्टी लावली. मार्चमध्ये कापून कपाटात ठेवलेले २० सेंमीचे चौरस एका बाजूने २० आणि दुसऱ्या बाजूने मिलीमीटरभर जास्त! गुहागरची पावसाळी हवा. कागदाचा तंतू ओल प्यायला की लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. यंत्रावरच्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला असतात, म्हणून कागद त्यांच्या आडव्या अंगाला जास्त ताणतो. दिशा ओळखायची तर तुकडा फाडून बघा: तंतूंच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा.

उपाय घरातच होता. सासूबाई पापडाच्या पत्र्याच्या डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवतात. म्हटलं, "आई, एक डबा मला द्या." दोन दिवस कागद त्यात ठेवला, मग बाहेर काढून लगेच चौरस कापला आणि प्रिलिमिनरी बेस दहा मिनिटांत उरकला. एकदा मुख्य घड्या पक्क्या पडल्या की पुढे हवेने फारसं बिघडत नाही. पहिली लिली पेन्सिलीवर पाकळ्या वळवून देव्हाऱ्यात ठेवलीय, जातायेता बघते.

चिपळूणहून आणलेली १५ सेंमीच्या तयार कागदांची पाकिटं मात्र पुन्हा घेणार नाही. घडीवर रंग फुटून पांढरी रेघ येते, आणि ती फ्रॉग बेसमध्ये पाकळीच्या मधोमध दिसते. त्यापेक्षा पतंगाचा कागद बरा, बारीक टोकांपाशी थर साचत नाहीत.

खरं तर पुढे आयरिस करणार होते, पण लिहिता लिहिता गौरी आठवल्या. गौरीच्या पूजेला अग्निशिखा लागते, आणि तिला पाकळ्या सहा, लिलीच्या या घडीला चार. मग चौरसाऐवजी षटकोन घेतला तर? स्क्वॉश सहा, पेटल फोल्ड सहा. तांबडा आणि पिवळा पतंगाचा कागद खळीने पाठीला पाठ चिकटवला की पाकळी मागे वळल्यावर दोन्ही रंग दिसतील. तंतू दोन्हीचे एकाच दिशेला हवेत. एक तुकडा एकाचे तंतू उभे, दुसऱ्याचे आडवे असा चिकटवून पाहिला, वाळल्यावर खोगिरासारखा वाकला.

आणि ओल शेवटी कामाला येईल! जपानचे ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा कागद ओलसर करूनच वळणं द्यायचे, वाळला की आकार धरतो. म्हणजे घड्या कोरड्या कागदावर घालायच्या, पाकळ्यांच्या लहरी ओल्या बोटाने द्यायच्या आणि चुलीच्या उबेला वाळवायच्या. खळीचा कागद ओल सोसेल का, ते आधी लहान तुकड्यावर बघते.

षटकोन आजच कापला असता, पण पिवळा कागद संपलाय. जोडायच्या तावांपैकी तांबडा एकच उरलाय, तो डब्यात ठेवलाय.