नवरात्रापेक्षा पारणं लांब

आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात नवरात्राचे उपास नाना तऱ्हांनी चालतात. कुणी एकभुक्त राहतं, कुणी साबुदाणा, वरी आणि रताळ्यावर दिवस काढतं. उपासाच्या थालीपिठावर लोण्याचा गोळा बघितला की मला तरी वाटतं, एरवीपेक्षा याच दिवसांत माणूस जास्त जेवतो. माझ्या सासूबाई मात्र तरुणपणी नुसत्या पातळ पदार्थांवर राहायच्या. गेल्या खेपेला मीही तसं करायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांनी एकच सांगितलं, ‘आधी डॉक्टरांना विचार.’

डॉक्टरांनी मला बसवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘सोडणार कसा ते सांगा, मग धरण्याचं बघू.’ मी म्हटलं, दसऱ्याला नैवेद्य दाखवून जेवणार. त्यांनी मान हलवली आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. साखर आणि किडनीबरोबर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट. फॉस्फेट हा शब्द मी शाळेनंतर खताच्या गोणीवरच वाचला होता.

सगळं ठीक आलं तरी परवानगी अटींवरच मिळाली. नुसत्या पाण्यावर राहायचं नाही. दिवसभरात मीठ घालून लिंबूपाणी, शहाळ्याचं पाणी, संध्याकाळी पातळ ताक. मधे एकदा पुन्हा रक्त तपासायचं. छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, थांबत नाही अशी उलटी किंवा बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही झालं तर तिथेच उपास संपला. माझ्या नणंदेला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. तिनेही माझ्याबरोबरच विचारलं, तर तिला त्यांनी साफ नकार दिला. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या, किडनीचे किंवा गाउटचे (सांधे सुजवणाऱ्या युरिक आम्लाच्या आजाराचे) रुग्ण, फार किडकिडीत माणसं, खाण्यापिण्याशी ज्यांचं एकदा बिनसलेलं आहे ती मुलं-मुली, यांनी या वाटेला जायचंच नाही, असं त्यांनी बजावलं. ‘आणि वजन उतरवायला म्हणून तर कुणीच नाही.’

आता भुकेचं. मला वाटायचं, भूक चढत चढत जाईल आणि शेवटी असह्य होईल. तसं होत नाही. भूक घड्याळ लावून येते. सकाळी पोदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, भोंपू वाजला की माझ्या पोटात कालवाकालव सुरू. सायकल पुढच्या वाड्यावर गेली, अर्धा-पाऊण तास लोटला, की सगळं शांत. संध्याकाळी तो परत आला की पुन्हा तेच. पोट रिकामं तर दिवसभर होतं, मग भूक त्याच वेळी का? याला कारण आहे. घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधून काढलं. ते आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेला चढतं आणि न जेवताही थोड्या वेळाने उतरतं. हे समजल्यावर मी भोंपूच्या वेळेला मागल्या दारी कपडे धुवायला काढू लागले. भुकेशी भांडण्यापेक्षा तिला पुढे जाऊ द्यावं.

दुसरा आणि तिसरा दिवस सर्वांत वाईट. यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा, सुमारे १०० ग्रॅम, साधारण एका दिवसात सरतो आणि मग शरीर चरबीतून कीटोन बनवायला लागतं. हा बदल सुखाने होत नाही. डोकं दुखलं, त्यात निम्मा वाटा सुटलेल्या चहाचा असावा. तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास यायला लागला, हात गार पडले, झोप तुटक. त्यानंतर मात्र भूक बोथट झाली. हे कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

खरी फजिती पोटापेक्षा डोळ्यांची आणि नाकाची. आमच्या भागातल्या देवळांत नवरात्रात रात्री कीर्तनानंतर देवाची मूर्ती बसवलेलं मखर झुलवतात, त्याला गेल्याशिवाय राहवत नाही. बाहेर दुकानात खाजें मांडलेलं. गूळ आणि आल्याचा तो वास! मी कीर्तन संपतासंपता जायचे आणि आरती झाली की थेट घरी. एका रात्री मात्र घाईने उठले आणि खांबाला धरून उभं राहावं लागलं. उपासात इन्सुलिन उतरलं की किडनी मीठ आणि पाणी बाहेर टाकते, त्यात आमच्याकडचा ऑक्टोबरचा घाम. घरी येऊन मिठाचं लिंबूपाणी घेतल्यावर बरं वाटलं. त्या दिवसापासून उठताना आधी पाय हलवायचे, मग बसायचं, मग उभं राहायचं. पणजीची बस पकडायला धावणं बंद, स्कूटर चालवणंही बंद. पहिल्या दिवसांत वजन भराभर उतरलं त्याचं मैत्रिणींना फार कौतुक. ते बहुतेक पाणीच होतं.

आणि मग दसरा. स्वयंपाकघरात मिश्र भाज्यांचं खतखतें, वडे, सोलकढी आणि पातेलंभर मणगणें, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीची गोड खीर. नैवेद्याचं पान माझ्यासमोर आलं आणि मी त्यातलं चमचाभरसुद्धा खाल्लं नाही. चुलत सासरे जरा रागावलेच, ‘देवीचा प्रसाद नाकारतेस?’ प्रसाद मी कपाळाला लावून झाकून ठेवला.

डॉक्टरांनी जे समजावलं होतं ते असं. उपासात शरीरातला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा आतून कमी होत जातो, पण रक्तात आकडे बरे दिसू शकतात. एकदम भात, गूळ, गोडधोड पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं आणि उरलेसुरले क्षार रक्तातून पेशींत ओढून नेतं. ब-१ जीवनसत्त्वाचीही तेव्हाच जास्त गरज लागते. मग अशक्तपणा, पायांना सूज, धाप, हृदयाचे ठोके बिघडणं, प्रसंगी मृत्यूही. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांच्या बाबतीत हे तेव्हाच्या डॉक्टरांनी पाहिलं होतं, सुटका झाल्यावर, अन्न मिळाल्यावर. पाच दिवसांहून जास्त काळ पोटात फारसं काही गेलं नसेल, तर पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून अधिक द्यायचं नाही, असा आमच्या डॉक्टरांचा नियम. मी ताक आणि शहाळ्यावर होते म्हणून धोका कमी, पण गेलेला नाही.

ब-१ ची गोळी त्यांनी आदल्या दिवसापासूनच चालू केली होती. दसऱ्याला दुपारी मी मुगाचं कढण घेतलं, अर्धी वाटी, मीठ घालून. दोन-अडीच तासांनी उकड्या तांदळाची पेज, चार चमचे, वर दही. सासूबाई म्हणाल्या, ‘इल्लीशी पेज घे गो आनी’, म्हणजे आणखी थोडीशी घे. त्यांचा जीव तुटत होता. रात्री पुन्हा तेवढंच. दुसऱ्या दिवशी पेज, शिजवलेला दुधी, थोडं वरण. गोड नाही, तळलेलं नाही, नारळाचं दूध नाही. लोणच्याची फोडही नाही, आणि पेजेबरोबर लोणचं नसणं म्हणजे आमच्याकडे शिक्षाच.

याच दिवसांत भूक खरी खवळली, उपासात नव्हे. पहिला घास पोटात गेल्यावर जणू बांध फुटला. झाकलेल्या मणगण्याच्या पातेल्याकडे मी रात्री दोनदा जाऊन आले. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ स्वयंसेवक तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून मग पुन्हा जेवायला दिलं होतं. भरपूर जेवूनही त्यांची भूक भागत नव्हती, हे वाचलेलं आठवलं आणि आपण एकट्याच खादाड नाही एवढा धीर आला. उपाय एकच चालला. माझं जेवण वाटीने मोजून सासूबाईंच्या हातून घ्यायचं, आणि स्वयंपाकघराचं दार त्यांच्याकडे.

घोट्यांना किंचित सूज आली तेव्हा मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रक्त पुन्हा तपासायला लावलं. फॉस्फेट खालच्या कडेला होतं, पण मर्यादेत. दूध, दही, डाळ वाढवायला सांगितलं, भात तेवढाच ठेवला. सूज उतरली, मग मऊ भात, अंडं, आणि आठवडा सरताना बांगडा. हुमण, म्हणजे नारळाचं कालवण, नव्हे, नुसता हळद-मीठ लावून वाफवलेला. घरातल्यांनी तोंडं वाकडी केली, मी काटेसुद्धा चोखले.

यंदा माझ्या चुलत जावेने तसाच उपास करायचं काढलं आहे. तिचं बाळ अजून अंगावर पितं. मी तिला नाही म्हणून सांगितलं आणि डॉक्टरांचा नंबर दिला. तिचं एकभुक्त ठरलंय, रात्री भाजी-भाकरी.